जुन्या शाईपेनाची योग्य किंमत कशी ठरवावी?



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, निदान भारतातल्या घराच्या कपाटात तरी, एखादे जुने शाईपेन असतेच. कोणाला ते मुंजीत मिळालेले असते, कोणाच्या आजोबांनी पहिल्या पगारातून घेतलेले असते.

गेल्या वर्षी साताऱ्याचे घर आवरताना बाबांच्या टेबलाच्या खणात आम्हाला अशी तीन पेने मिळाली. त्याच संध्याकाळी कोणीतरी इंटरनेटवर पाहून सांगितले की पार्कर 51 चारशे डॉलरला जाते! पुण्याचा दादा म्हणाला, "तुम्ही तिकडे घेऊन जा, विका आणि पैसे तिघा भावंडांत वाटा." आम्ही पेने न्यू जर्सीला आणली खरी, पण मनावर दडपण होते. स्वस्तात दिली तर दादा-ताईचे नुकसान, आणि चारशेचा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असताना कमी पैसे आले तर उगाच मनात किंतू. म्हणून विकण्याआधी नीट माहिती काढली. ती सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहोत.

पेन नक्की कोणते?

पार्कर कंपनी 1888 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावी सुरू झाली. तिच्या 51 व्या वर्षी, म्हणजे 1939 मध्ये, हे पेन तयार झाले म्हणून त्याचे नाव 51. अमेरिकेत ते 1941 पासून विकले जाऊ लागले. पुढे ते इंग्लंडमध्ये न्यूहेवन इथेही बनत असे. निब जवळजवळ पूर्ण झाकलेले आणि टोपण नुसते दाबून बसणारे, ही त्याची खूण. पार्करने अलीकडे याच नावाचे नवे पेन काढले आहे, पण त्याच्या टोपणाला आटे आहेत.

टोपणावरची अक्षरे भिंगाखाली वाचा. आपल्याकडे घरोघरी असलेले चिनी 'हिरो' पेन दिसायला अगदी पार्करसारखेच असते. आमच्या तीनपैकी दोन पेने हिरोच निघाली! ती उत्तम लिहितात, पण त्यांना फारशी किंमत येत नाही. पार्कर 21 आणि '51 स्पेशल' ही त्याच घरातली स्वस्त भावंडे. त्यांचे भावही कमी असतात.

शाई कशी भरते?

भावावर सर्वांत मोठा परिणाम याचा होतो. 1948 पर्यंतच्या पेनात 'व्हॅक्युमॅटिक' पद्धत होती. मागची छोटी टोपी काढून आतला दांडा दाबायचा. त्यात रबराचा पडदा असतो आणि इतक्या वर्षांत तो कडक होतो किंवा फाटतो. 1948 पासून 'एरोमेट्रिक' पद्धत आली. मागचा भाग फिरवून काढला की धातूची नळी दिसते आणि तिच्यावरची पट्टी दाबून शाई भरायची. आतली पिशवी प्लॅस्टिकची असते आणि बहुतेक वेळा आजही शाबूत असते.

हा फरक आम्ही पैसे मोजून शिकलो. एका अँटिक मेळ्यात 'दुरुस्त केलेले' असे सांगून विकलेले व्हॅक्युमॅटिक आम्ही हौसेने घेतले. घरी आल्यावर शाई चढेचना. पडदा बदलण्याचा खर्च वेगळा झाला. तेव्हापासून आमचा नियम असा की समोर पाणी भरून दाखवल्याशिवाय पेन 'चालू' धरायचे नाही. पाणी गारच वापरा. शाई वाळलेली असेल तर निबाचा भाग रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवा, जोर लावू नका.

काय तपासावे?

निबाच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो. तो झिजला असेल तर दुरुस्ती महाग पडते. निबाभोवतीचे आवरण आणि टोपण बसते ती कडा उजेडासमोर धरून तडे पाहा. टोपणाला पोचे, कमी झालेली चकाकी, सैल क्लिप, या सगळ्याने किंमत उतरते. काळा, राखाडी, मरून हे रंग भरपूर मिळतात. प्लम किंवा नसाऊ ग्रीन विरळा, म्हणून महाग. 'सोन्याचे टोपण' म्हणजे बहुधा वरचा पातळ मुलामाच असतो. निब 14 कॅरेटचे असले तरी त्यातले सोने एका ग्रॅमपेक्षाही कमी भरते. त्यामुळे सोन्याच्या भावाने हिशोब करू नये.

तीन वेगवेगळ्या किमती

खरी गोम इथेच आहे. एक असते मागितलेली किंमत. विकणारा चारशे मागू शकतो, मागायला पैसे पडत नाहीत! दुसरी प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत. ईबेवर फक्त 'विकलेल्या' वस्तू पाहण्याची सोय आहे. तिथे आपल्यासारखीच आठ-दहा पेने शोधा, सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त सोडून द्या आणि मधला भाव धरा. तिसरी किंमत व्यापारी आपल्याला देतो ती. त्याला दुरुस्ती करायची असते, पेन महिनोन्महिने ठेवायचे असते आणि नफाही हवा असतो. तो निम्मे पैसे सांगतो म्हणून लगेच त्याला लबाड म्हणू नये.

मग साधी वजाबाकी करा. समजा, चालू स्थितीतले तसेच पेन 100 डॉलरला विकले जाते. दुरुस्तीला 40 आणि टपालाला 10 लागणार असतील, तर न तपासलेल्या पेनाचे 50 पेक्षा जास्त देऊ नयेत. फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन डीसी इथे पेन शो भरतात. तिथे पेन हातात घेऊन पाहता येते आणि दोन-तीन जाणकारांना विचारताही येते.

आमच्या पेनाचे काय झाले?

बाबांचे तिसरे पेन खरे पार्कर 51 निघाले, एरोमेट्रिक आणि इंग्लंडमध्ये बनलेले. टोपणाला एक पोचा आहे. शिवाय अंगावर बाबांचे नाव कोरलेले आहे. साताऱ्याच्या दुकानात पेन घेतल्यावर नाव कोरून देत, तसे. परक्या नावाचे पेन घ्यायला लोक नाखूश असतात, म्हणून भाव आणखी खाली येतो. सगळा हिशोब करून साधारण 60 डॉलर आले. विकलेल्या पेनांची यादी आणि आमची वजाबाकी आम्ही दादाला आणि ताईला जशीच्या तशी पाठवली.

दादाचा लगेच फोन आला. "म्हणजे वाट्याला वीस डॉलर? वीस डॉलरसाठी बाबांचे नाव विकायचे?" ताईचेही तेच म्हणणे पडले. पेन धुऊन पुसून आता छान चालते. या डिसेंबरमध्ये ते ताईकडे नागपूरला जाईल, पुढच्या वर्षी दादाकडे.

मंडळी, आपल्याकडेही असे पेन असेल तर घाईने विकू नका आणि जाहिरातीतल्या आकड्यावर विश्वासही ठेवू नका. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला जरूर घेऊन या. आम्ही भिंग आणि पाण्याची वाटी घेऊन येतो, सगळे मिळून बघू!