बांधकामाची धूळ : नियम काय सांगतो, छातीला काय होते

आपल्या वस्त्यांमधून रोज सकाळी कितीतरी माणसे बांधकामावर जातात. कुणी मिस्त्री, कुणी रेजा, कुणी गिट्टी क्रशरवर, कुणी टिप्परवर. वर्धा जिल्ह्यात मोठी कामेही निघाली. समृद्धी महामार्ग इथून गेला, त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गही याच जिल्ह्यातून निघतो. अशा कामाला मुरूम, रेती, गिट्टी आणि सिमेंट लागते, आणि या प्रत्येकाची धूळ उडते. ही धूळ म्हणजे नशीब नव्हे. तिच्यासाठी कायदा आहे.

धूळ छातीत काय करते?

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतेक नाकातच अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या बारीक कणांचा आहे. ते थेट फुप्फुसात उतरतात. रेती, ग्रॅनाइट, टाइल्स आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली की फुप्फुसावर व्रण पडत जातात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका कमी असते, पण त्याच्या चुरीनेही खोकला आणि दमा वाढतो.

सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका जास्त असतो. शिवाय दोन्ही आजारांत खोकला, धाप आणि वजन घटणे ही लक्षणे सारखीच असतात. म्हणून टीबीचे औषध पूर्ण घेऊनही दम लागत राहिला, तर धुळीचा आजार तपासून घ्यावा.

नियम काय आहेत?

केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी नियम लागू केले. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

– माती, रेती, मलबा उघडा ठेवायचा नाही.
– पाणी शिंपडण्याची व्यवस्था हवी.
– बांधकामाभोवती वारा अडवणारा आडोसा हवा.
– साइटवर जाणारा रस्ता पक्का हवा.
– धूळ रोखण्यासाठी काय केले, याचा फलक लोकांना दिसेल असा लावायचा.

ज्या शहरांत हवेतील धूळ मर्यादेपेक्षा जास्त आहे, तिथे आणखी कडक नियम आहेत. उघड्यावर टाइल्स-दगड कापणे किंवा घासणे बंद, आणि माल नेणारी गाडी झाकलेली हवी. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला आहेत, वर्धा नाही. पण यादीत नाव नसले म्हणून वरचे पाच नियम सुटत नाहीत.

गिट्टी क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. धूळ उडण्याच्या जागा झाकणे, पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत आणि भोवती झाडे हे त्यांना बंधनकारक आहे.

काम बंद झाले तर मजुरी?

हा प्रश्न खरा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली. महापालिकेने बांधकामांना नियम घालून दिले आणि न पाळणाऱ्यांना काम थांबवण्याच्या नोटिसा दिल्या. दिल्लीत तर हिवाळ्यात बांधकामे सरसकट बंद होतात. धूळ झाकली नाही ठेकेदाराने, आणि रोजी बुडते मजुराची. म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील राज्यांना, बंदीच्या काळात मजुरांना कामगार उपकराच्या निधीतून निर्वाह रक्कम देण्यास सांगितले. पण मंडळात नावच नसेल, तर पैसा कुणाच्या खात्यात जाणार?

म्हणून नोंदणी करा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या, मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. रेजा म्हणून जाणाऱ्या बायांनीही स्वतःच्या नावाने नोंदणी करावी, नवऱ्याच्या नोंदणीवर राहू नये.

आपण काय करावे?

१. आधी पाणी, मग मास्क. दगड, टाइल्स ओल्या करूनच कापाव्यात. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे.

२. दुपट्टा किंवा रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून वापरावा. तो धुवू नये, मळला की बदलावा.

३. कामाचे कपडे घरात झटकू नयेत. वेगळे भिजवून धुवावेत. लेकरांना जवळ घेण्याआधी हातपाय धुवावेत.

४. बिडी-सिगारेट सोडावी. धुळीने दुखावलेल्या फुप्फुसाला धूर दुप्पट भारी पडतो.

५. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. तपासणी मोफत आहे. सेवाग्राम, सावंगी किंवा जिल्हा रुग्णालयात गेल्यावर, कोणते काम किती वर्षे केले हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. नुसते ‘मजुरी करतो’ म्हणू नये. ‘बारा वर्षे टाइल्स कापतो’ असे सांगितले, तर डॉक्टरांचे लक्ष योग्य जागी जाते.

६. वस्तीजवळच्या साइटवर नियम मोडत असतील तर फोटो, जागा आणि तारीख लिहून नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. पोच घ्यावी. एकट्या मजुराला काम जाण्याची भीती असते, म्हणून अर्जावर वस्तीतील दहा-वीस जणांनी सह्या कराव्यात.

पुढच्या वेळी साइटवर पाय ठेवाल तेव्हा तो फलक लावला आहे का, एवढे आधी पाहा. नसेल तर मुकादमाला विचारा.