जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनचे चर्च : एका पतनाची मीमांसा

मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील जुने गोवे हे आज एक लहानसे गाव आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते, ह्याची साक्ष तेथील चर्चवास्तू देतात. गावाच्या पश्चिमेस ‘मोंते सांतो’ म्हणजे पवित्र टेकडी ह्या नावाची एक उंच जागा आहे. तेथे सुमारे ४६ मीटर उंचीचा, उभा चिरल्यासारखा दिसणारा जांभ्या दगडाचा एक मनोरा एकाकी उभा आहे. ऑगस्टिनी संन्याशांच्या ‘नोस्सा सेन्योरा द ग्रासा’ ह्या चर्चच्या दर्शनी भागाचा हा उरलेला अंश होय.

ही वास्तू कशी पडली, ह्या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की राजधानी ओस पडली आणि अरण्याने तिला गिळले. प्रवासवर्णनांत हे उत्तर शोभून दिसते. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाचे मात्र त्याने समाधान होत नाही. त्याच उजाड नगरात से कॅथीड्रल आणि बॉम जेझुस ह्या वास्तू आजही उभ्या आहेत.

कालक्रम पाहिला म्हणजे उलगडा होऊ लागतो. ऑगस्टिनी संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. प्रस्तुत चर्चचे बांधकाम १५९७ मध्ये सुरू झाले व १६०२ मध्ये पूर्ण झाले. रोगराईमुळे शहर हळूहळू ओसरत गेले आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयचा निवास पणजीस हलला, तरी चर्चला धक्का लागला नाही. कारण मठात माणसे होती. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठ रिकामा झाला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. जी वास्तू २३३ वर्षे टिकली, ती मालकाविना अवघे सात-आठ पावसाळे काढू शकली नाही.

ह्याचे कारण बांधकामाच्या द्रव्यात शोधावे लागते. विदर्भातील अभ्यासकाची नजर काळ्या दगडाच्या, चुन्याविना रचलेल्या हेमाडपंती मंदिरांना सरावलेली असते. दगडी वास्तूला लेपाची गरज असते, हे त्याला सहसा सुचत नाही. कोकण-गोव्यातील जांभा ही निराळी वस्तू आहे. खाणीतून तो मऊ निघतो व हवेत ठेवल्यावर कठीण होतो. म्हणून त्याचे चिरे काढणे सोपे जाते. परंतु तो सच्छिद्र असतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात उघडा जांभा पाणी शोषतो आणि झिजतो. म्हणून गोव्यातील चर्चच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असे व तो वेळोवेळी नव्याने चढविला जाई. हा शुभ्र लेप शोभेसाठी असतो, ही समजूत अपुरी आहे. इमारतीचे कातडे तेच.

संत ऑगस्टीनच्या चर्चला आणखी एक धोका होता. त्याचे छत लाकडी नसून दगडी कमानीचे होते. असे छत आपला भार सरळ खाली न टाकता भिंतींना बाहेर रेटते. दोन्ही अंगांस असलेली प्रार्थनालये व त्यांच्या आडव्या भिंती ह्या रेट्याला आधार देतात. सांध्यांतील चुना शाबूत असेतो सारे तोलून राहते. वरून पाणी झिरपू लागले, सांध्यांत झाडांची मुळे शिरली, की हा तोल सुटतो. छत गेल्यावर दर्शनी भिंतीस पाठीमागचा आधार उरला नाही. तरीही ती जवळजवळ ९० वर्षे उभी राहिली, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा अंश पडला, १९३८ मध्ये आणखी काही भाग ढासळला. मनोऱ्यातील प्रचंड घंटा त्यापूर्वीच, १८७१ मध्ये, पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली होती. ती आजही तेथे आहे.

पडझडीने एक गोष्ट अनायासे साधली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसला, तेव्हा आठ प्रार्थनालये, कोरीव लेखांच्या थडगेशिळा आणि रंगीत चकाकीच्या फरश्यांचे तुकडे उघडे पडले. जॉर्जियाची राणी केतेवान हिला शाह अब्बासच्या आज्ञेने १६२४ मध्ये शिराझ येथे ठार मारण्यात आले होते, आणि तिचे अवशेष ऑगस्टिनी संन्याशांनी १६२७ मध्ये येथे आणले होते. ते मठाच्या सभागृहातील एका विशिष्ट खिडकीपाशी ठेवल्याची नोंद पोर्तुगीज साधनांत होती. त्या नोंदीच्या आधारे शोध घेता येथे अस्थी सापडल्या. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात त्यांची डीएनए-तपासणी झाली आणि मातृवंशीय खुणा जॉर्जियाशी जुळल्या. २०२१ मध्ये भारताने ह्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला अर्पण केला. लिखित साधन, उत्खनन व प्रयोगशाळा ह्यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

मात्र ह्या भग्नावशेषाचे महत्त्व केवळ गतकाळापुरते नाही. शेजारच्या बॉम जेझुसवरील गिलावा १९५० च्या सुमारास बाल्टाझार कास्त्रो ह्या पोर्तुगीज जीर्णोद्धारकाने, वास्तूला प्राचीन रूप यावे म्हणून, काढून टाकला. तांबूस, उघड्या दगडाचे ते रूप आता इतके परिचयाचे झाले आहे की अनेकांना तेच मूळचे वाटते. वस्तुतः १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू साडेतीन शतके गिलाव्याखालीच होती. तिचे छप्पर दगडी कमानीचे नाही, म्हणून संत ऑगस्टीनच्या छताची गत तिला लागू होत नाही; भिंतींची झीज मात्र त्याच जातीची आहे. गिलावा पुन्हा चढवावा, ही मागणी २०२० पासून जाहीरपणे मांडली जात आहे. मूळ स्थिती आणि परिचित स्वरूप ह्यांपैकी कशाचे जतन करावयाचे, हा त्यातील खरा वाद होय. त्या वादातील दोन्ही पक्षांना हवा असलेला पुरावा टेकडीवर, बॉम जेझुसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, उभा आहे.