लॅपटॉपमधील प्रोसेसर : त्याचे स्थान आणि तेथवर पोहोचण्याची रीत

लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणात हे यंत्र पुस्तकाइतकेच आवश्यक ठरते. अनेक पालक पोटाला चिमटा काढून, बहुधा जुनेच, विकत घेतात. पुढे ते मंदावले की ‘प्रोसेसर बदलावा लागेल’ असे कोणीतरी सांगते आणि न पाहिलेल्या वस्तूसाठी पैसे मोजले जातात. म्हणून प्रोसेसर कोठे असतो, तेथवर कसे पोहोचावे आणि तो बदलता येतो का, हे समजून घेणे हिताचे आहे.

आज्ञा वाचणे, आकडेमोड करणे व तुलना करणे ही प्रोसेसरची कामे. 1971 साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या ‘4004’ या मायक्रोप्रोसेसरमध्ये सुमारे 2,300 ट्रान्झिस्टर होते. आज नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ते अब्जावधींच्या संख्येने मावतात.

त्याची पहिली ओळख लॅपटॉप न उघडताच होते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसरचे नाव व त्यावरील कामाचा भार दिसतो. यंत्र मंद असताना प्रोसेसरवर भार थोडा आणि मेमरी किंवा डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष बहुधा अन्यत्र आहे. अशा वेळी रॅम वाढवणे किंवा जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हा स्वस्त उपाय ठरतो.

उघडण्याची वेळ आलीच, तर आधी वॉरंटीची मुदत पाहावी. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि तो मऊ कापडावर पालथा ठेवावा. स्क्रू कमीअधिक लांबीचे असतात, काही रबरी पायांखाली दडलेले असतात. कागदावर आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवून ठेवावा. झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवावे. आत हात घालण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जातो. मग सर्वप्रथम बॅटरीची जोडणी काढावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर तेथेच थांबून जाणकाराकडे जावे.

प्रोसेसर सहसा उघडा दिसत नाही. काम करताना तो तापतो आणि ही उष्णताच त्याचा पत्ता सांगते. पंखा शोधावा व त्याच्यापासून निघालेल्या चपट्या तांब्याच्या नळीचा माग काढावा. या बंद नळीत थोडे द्रव असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, पंख्याजवळ ती निवून पुन्हा द्रव होते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून मागे परतते. नळीच्या गरम टोकाला स्क्रूंनी आवळलेली धातूची पट्टी असते. प्रोसेसर तिच्याखाली असतो. अशा दोन पट्ट्या असल्यास दुसरीखाली बहुधा ग्राफिक्सची चिप असते. काही लॅपटॉपमध्ये ही रचना कीबोर्डच्या बाजूला असते. तेथे संपूर्ण मदरबोर्ड काढावा लागतो.

पट्टीच्या स्क्रूंजवळ क्रमांक कोरलेले असल्यास ते उलट क्रमाने, थोडे थोडे सैल करावेत. पट्टी उचलताच राखाडी लेपाखाली आरशासारखा चकचकीत तुकडा दिसतो. तोच प्रोसेसर. एकदा पट्टी उचलली की जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढा नवा लेप लावावाच लागतो. पुष्कळदा पंख्यातील धूळ काढणे आणि लेप बदलणे एवढ्यानेच तापणारे यंत्र पूर्ववत चालते.

आता बदलण्याचा प्रश्न. इंटेलच्या 2013 च्या ‘हॅसवेल’ पिढीपर्यंत अनेक लॅपटॉपमधील प्रोसेसर खोबणीत बसवलेले असत व काढता येत. त्यानंतर ते मदरबोर्डला शेकडो सूक्ष्म बिंदूंनी डाख देऊन जोडले जाऊ लागले. डेस्कटॉपचा प्रोसेसर वापरणारे मोजके जाड लॅपटॉप वगळता, नव्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलणे म्हणजे व्यवहारात मदरबोर्डच बदलणे होय. म्हणून प्रोसेसरची निवड खरेदीच्या वेळीच करावी. दुरुस्तीत तो बदलल्याचे कोणी सांगितले, तर दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे नाव टास्क मॅनेजरमध्ये पडताळून पाहावे.

तथागतांच्या धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हटले जाते : या आणि स्वतः पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वैज्ञानिक व तांत्रिक शिक्षणासाठी साहाय्य मागितले होते. यंत्र वापरण्याबरोबर ते उघडून समजून घेणे, हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे. माजी विद्यार्थ्यांनी घरी पडून असलेला एखादा निकामी लॅपटॉप, डिस्क आणि बॅटरी काढून, विद्यालयाला द्यावा. आपल्या मुलामुलींना तो स्वतःच्या हातांनी उघडून पाहता येईल.