स्क्रूला हात लावायच्या आधी...

गेल्या जूनमधली सकाळ. रात्रभर वादळी पाऊस झालेला आणि कोकणातल्या आमच्या वाडीच्या रस्त्यावर आंब्याचं भलंमोठं झाड आडवं. मुक्कामाची एसटी झाडाच्या अलीकडे, तालुका पलीकडे. बसमध्ये कॉलेजची पोरं-पोरी, त्यातल्या दोघींची त्याच दिवशी परीक्षा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर वाडीने वर्गणी काढून चेन सॉ घेतलाय. सगळे त्याला 'कटर' म्हणतात. कटर आणला, दोरी ओढली, सुरूही झाला. पण रेस दिली की घुसमटून गप्प!

मग मी शहाणपणा केला. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि कार्बोरेटरचे स्क्रू पिळले. त्यानंतर तर तो सुरूच होईना. शेवटी शेजारच्या वाडीतून मशीन मागवलं. बस दोन तास उशिरा सुटली. त्या दोघींच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कटर घेऊन तालुक्याच्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी पान्याला हातही न लावता विचारलं, "यातलं पेट्रोल कधीचं?"

"दिवाळीच्या आधीचं असेल, काका."

"अगं, मग त्या बिचाऱ्या स्क्रूंचा काय दोष?"

त्या दिवशी काकांनी जे शिकवलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल. गवत कापायचं मशीन असो की पेट्रोलवरचा फवारणी पंप, छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाची दुखणी बरीचशी सारखीच. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. शिवाय धूर बाहेर जायला वाट. तपासायचं याच क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे.

पेट्रोल : टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. बऱ्याच नव्या मशीनना १ लिटरला २० मिली टू-टी ऑइल चालतं, तरी आपल्या मशीनचं मॅन्युअल बघाच. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. मशीन महिनोन्‌महिने पडून राहिलं की पाणी टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोल ओढणारा फिल्टरही तिथेच! जुनं पेट्रोल काढा, ताजं मिश्रण भरा, फिल्टर तुंबला असेल तर बदला. मशीन सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडतंय? ते गार झाल्यावर टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली, तर टाकीत हवा जायचा मार्ग बंद झालाय.

हवा : एअर फिल्टर भुश्याने भरला की धूर वाढतो आणि ताकद जाते. काढा, साफ करा, वाळवून बसवा. पाच मिनिटांचं काम.

ठिणगी : प्लग म्हणजे मशीनचा ब्लड रिपोर्टच. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं-ओलं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट असेल तर सावध व्हा! पेट्रोल कमी जातंय. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि असंच चालवत राहिलात तर पिस्टन जाम.

धुराची वाट : सायलेन्सरमधल्या बारीक जाळीवर काजळी साचली, तरी रेस चढत नाही.

आणि चेन : कधी कधी इंजिन ठणठणीत असतं, चेनच बोथट असते. भुसा बघा. जाडसर कपटे पडत असतील तर धार आहे, पिठासारखी भुकटी पडत असेल तर कानस काढा. चेनचा ब्रेक लागलेला नाही ना, हेही बघा. हसू नका, असंही होतं.

आता माझ्या चुकीकडे येते. चेन सॉ आडवा, तिरका कसाही धरावा लागतो. त्यामुळे त्याच्या कार्बोरेटरमध्ये जुन्या बाइकसारखा फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो. आमच्या कटरमधला पडदा कडक झाला होता, फिल्टरही तुंबला होता. थोडक्यात, इंजिन आधीच उपाशी होतं आणि मी स्क्रू घट्ट करून उरलंसुरलं पेट्रोलही तोडलं! सगळं तपासून झाल्यावर, अगदी शेवटी स्क्रूची पाळी. तीही जाणकार माणूस शेजारी असताना.

काकांचा दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मशीन चालवून बघायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर नेमका फरक कशाने पडला ते कळतच नाही.

सुरक्षेत मात्र तडजोड नाही. चेनला हात लावण्याआधी मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला. सुरू करताना मशीन जमिनीवर टेकवून, चेन ब्रेक लावून पायाने दाबा. रेस सोडल्यावरही चेन फिरत राहत असेल, तर ते मशीन वापरू नका, आधी दुरुस्त करा.

आता आमच्या वाडीत काम संपलं की कटरची टाकी रिकामी करतात आणि उरलेलं पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत तो चालू ठेवतात. टाकीवर चिकटपट्टी लावलीय, तिच्यावर पेट्रोल भरल्याची तारीख असते. ती लिहायचं काम वाडीने माझ्याकडे दिलंय. शिक्षा म्हणा हवं तर!

तुमच्या घरी, गोठ्यात, माळ्यावर असं एखादं मशीन पडून असेलच. पावसाची वाट बघू नका. या रविवारी घरी गेलात की एवढंच विचारा, "यातलं पेट्रोल कधीचं?"