अंगणातल्या गुलाबाला कपाशीचे औषध नको



सोयगाव तालुक्यात मोठी पिके कपाशी आणि मका. गुलाब आपल्याकडे अंगणात किंवा विहिरीच्या कडेला, दोन-चार झाडे. त्याच्यासाठी वेगळे औषध कोण आणणार? कपाशी फवारून आलो, पंपाच्या तळाशी थोडे उरले, की जाता जाता गुलाबावर मारून मोकळे. आमच्या घरीही हेच चालायचे. एका वर्षी बोंडअळीचे औषध असे दोन-तीनदा मारले. मावा गेला खरा, पण पुढे उन्हाळ्यात लाल कोळी एवढा पडला की झाडाला धड पान राहिले नाही. बोंडअळीच्या पुष्कळशा औषधांनी कोळी मरत नाही. कोळी खाणारे मित्रकीटक मात्र मरतात.

शिवाय हे फूल घरात येते. बाया केसात माळतात, देवाला वाहतात, पोरे नाकाशी धरतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते उघड्या शेतात. आपला गुलाब तर माठापासून चार पावलांवर.

तेव्हा पंपाला हात लावण्याआधी पान उलटून बघा.

कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठावर हिरवे बारीक किडे दाटीने बसलेले दिसले, पाने चिकट झाली, मुंग्यांची ये-जा सुरू झाली, तर तो मावा. थंडीत आणि ढगाळ हवेत तो वाढतो. पाण्याची जोरदार धार शेंड्यावर मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. चार झाडांना एवढे पुरते. त्याच शेंड्यावर काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी अळी फिरताना दिसली तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊनच ती मोठी होते. पुष्कळ जण तिलाच कीड समजून चिरडतात.

फुलकिडे ओळखणे जरा कठीण. कळी नीट उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात, आणि आपल्याला वाटते पाणी कमी पडले. कळीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पिवळट किंवा तपकिरी, सुताच्या तुकड्यासारखे किडे पळू लागले, तर फुलकिडेच. कपाशी, मिरची, कांदा यांवरही फुलकिडे असतात, आणि शेजारचे पीक वाळू लागले की काही जाती तिथून गुलाबावर येतात. म्हणून त्या दिवसांत आठवड्यातून एकदा कागद धरून बघत जा. करपलेल्या कळ्या आणि जुनी फुले झाडावर ठेवू नका. तोडून खोल पुरा. झाडाखाली फेकली तर किडे परत वर चढतात. बुंध्याजवळची माती हलकी चाळून द्या, कारण त्यांची कोषावस्था मातीत जाते. एवढ्यावर भागले नाही तर निंबोळी अर्क फवारा.

अर्क असा करा. १० लिटर पाण्यासाठी वाळलेल्या निंबोळीच्या मगजाची अर्धा किलो भरड घ्या, दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा. त्यात २० ग्रॅम साबण विरघळवा आणि पाणी घालून १० लिटर करा. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. उन्हाने अर्काचा गुण जातो, आणि शिळा अर्क उपयोगाचा नाही.

लाल कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळी दिसते. उन्हाळ्यात रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूस पाणी मारले की तो वाढत नाही. गंधकाचा फवारा चालतो, पण आपल्याकडच्या कडक उन्हात पाने करपतात, म्हणून तो थंडीतच घ्या.

जुन्या लाकडावर तांबूस खवले चिकटलेले दिसले तर साबणाच्या पाण्याने जुन्या ब्रशने घासून काढा. फार झाले असतील तर पावसाळ्यानंतरच्या छाटणीत ती फांदी तोडून जाळा. पहिल्या पावसानंतर रात्री पाने कुरतडली जातात ते हुमणीच्या भुंगेऱ्यांचे काम. अंधार पडल्यावर फांदी हलवून त्यांना साबणाच्या पाण्यात पाडा. जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवरही बघा. बुंध्याला कच्चे शेणखत घालू नका. हुमणी त्यातूनच येते.

जुन्या पत्रकांत भुंगेऱ्यांसाठी बी.एच.सी. पावडर आणि कोळ्यासाठी डायकोफॉल लिहिलेले सापडेल. बी.एच.सी.वर १९९७ पासून बंदी आहे, डायकोफॉलवर २०२३ च्या आदेशाने आली. घरात जुना डबा असेल तर उघडू नका. नवीन औषध घ्यायचेच झाले तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सौम्य. लाल आणि पिवळा अंगणात आणूच नये. लेबलावर गुलाब लिहिले आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात दाखवून विचारा.

निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला पडतात. तेव्हाच वेचा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि गोणपाटाच्या पोत्यात भरून कोरड्या जागी टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या तर बुरशी धरतात.