छऱ्यांना कुठं जायचं हे कळतं कसं?

वर्कशॉप कुठलंही असो, बेंच ग्राइंडर सगळ्यात उपेक्षित. लेथला तेल मिळतं, ड्रिलवरून फडकं फिरतं, ग्राइंडरच्या वाट्याला फक्त शिव्या. तो थरथरतो, टूल रेस्टवर धरलेलं हत्यार नाचतं आणि धारेवर लाटा उमटतात. वैतागून जोर लावला की कड निळी पडते, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं.

दाणे आणि बंधक एकत्र दाबून भट्टीत भाजलेलं चाक सगळीकडे सारखं भरत नाही. त्यात भोक किंचित सैल आणि फ्लँज पत्र्याचे. आठ इंची चाकाच्या कडेजवळ, केंद्रापासून 90 मिलिमीटरवर, 10 ग्रॅम वजन जास्त असेल, तर मिनिटाला 2850 फेऱ्यांना ते जवळपास आठ किलोच्या जोराने शाफ्टला बाहेर ओढतं. ही ओढ सेकंदाला 47 वेळा दिशा फिरवते. बेअरिंगं बिचारी निमूट सोसतात.

चाकांचा इतिहास थोडक्यात उरकतो. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचिसनने सिलिकॉन कार्बाइड बनवलं आणि नैसर्गिक एमरीचं राज्य संपत आलं. आपल्याकडे ग्राइंडवेल कंपनीने 1941 मध्ये उरणजवळच्या मोऱ्याला चाकं बनवायला सुरुवात केली. पुढे भारतीय कारखान्यांना प्रत्येक चाकासाठी विलायतेकडे डोळे लावून बसावं लागलं नाही.

थरथरीवरचे नेहमीचे उपाय चांगलेच आहेत. ड्रेसरने चाक गोल करावं, पत्र्याऐवजी लेथवर कातलेले फ्लँज घालावेत, दोन समांतर पट्ट्यांवर चाक सोडून जड बाजू शोधावी. पण चाक झिजतं. आज साधलेला तोल महिन्याभराने तोच राहील याची खात्री नाही. म्हणून मला भुरळ पडली ती आपला तोल आपणच साधणाऱ्या हबची. चाकाशेजारी एक बंद कडी, तिच्यात गोल खाच, खाचेत थोडं तेल आणि मोकळे पोलादी छरे. ना सेन्सर, ना वायर.

तोल साधायचा तर छऱ्यांनी हलक्या बाजूला जायला हवं. मग ते तिकडे जातात कसे? मोकळा छरा जड बाजूलाच पळेल असं वाटतं, आणि कमी वेगात तो तसाच पळतोही. गंमत पुढे आहे. आधाराला थोडी लवचीकता असलेल्या प्रत्येक फिरत्या वस्तूचा एक क्रांतिक वेग असतो: त्या वेगाला फेऱ्या तिच्या स्वतःच्या हेलकाव्यांशी जुळतात आणि थरथर बेसुमार वाढते. त्याच्यापलीकडे जाता येणार नाही, असा निष्कर्ष रँकिनसारख्या मोठ्या अभियंत्याने 1869 मध्ये काढला होता. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवणारा शाफ्ट बसवला आणि तो वेग ओलांडून दाखवला. ओलांडताना यंत्र खडखडलं, पलीकडे मात्र शांत झालं. माझ्या मते यंत्रशास्त्रातल्या सर्वांत देखण्या करामतींपैकी ही एक.

पलीकडे काय होतं? तिथे चाक शाफ्टच्या मध्याभोवती न फिरता आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतं. जड बाजू आत सरकते, हलकी बाहेर येते. खाच मात्र शाफ्टशी एककेंद्री, त्यामुळे खऱ्या फिरण्याच्या अक्षापासून तिचा सर्वांत दूरचा बिंदू आता हलक्या बाजूला येतो. छऱ्याला एवढंच कळतं की जमेल तितकं दूर जायचं. तो तिथे पोचला की हलकी बाजू जड होते, दोन्ही मध्य एकत्र येतात, दूरचा असा बिंदूच उरत नाही आणि छरे थांबतात. चाक झिजून तोल बदलला की ते पुन्हा सरकतात. फ्रान्सच्या मोरिस लब्लांकने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कडीत द्रव भरून हेच साधलं होतं. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच वॉशिंग मशीनच्या टबाला मिठाच्या पाण्याची कडी असते, ती त्याचीच वंशज. गेल्या शतकाच्या अखेरीस सीडी ड्राइव्हमध्येही असे छरे आले.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका मिस्त्रींनी असा हब बनवल्याचं कळलं आणि मी तडक गेलो. झाकण ॲक्रिलिकचं. ग्राइंडर सुरू झाला तशी चौथऱ्यावरची पेन्सिल थडथडली, मग थांबली. स्ट्रोबच्या उजेडात छरे एका बाजूला गोठल्यासारखे दिसत होते. दोन शेजारी, एक जरा लांब. "हात लावून बघा की सर," मिस्त्री म्हणाले. मोटरच्या अंगावर जेमतेम गुणगुण होती. मग त्यांनी ग्राइंडरखालची रबरी बूचं काढली, तो थेट काँक्रीटवर आवळला आणि पुन्हा बटण दाबलं. छरे नेमके जड बाजूला जाऊन बसले आणि थरथर आधीपेक्षा वाढली!

खरी मेख इथेच आहे. ग्राइंडर जितका घट्ट आवळाल तितका तो शांत, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पक्क्या पायावर क्रांतिक वेग चालत्या वेगाच्या वर जातो आणि छरे उलटं काम करतात. रबरावर बसवल्यावर यंत्राचे स्वतःचे हेलकावे सेकंदाला दहा-बारावर आले, की 47 हा आकडा आरामात पलीकडचा ठरतो. छऱ्यांचा हब विकत घेऊन पाया तसाच ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

मर्यादाही आहेत. 10 मिलिमीटरचा छरा चार ग्रॅमचा. 40 मिलिमीटर त्रिज्येच्या खाचेत असे सहा छरे शेजारी-शेजारी बसले, तर वरचे 10 ग्रॅम जेमतेम फिटतात. शिवाय छरे वजन सुधारतात, आकार नाही. चाक लंबगोल असेल तर ड्रेसरच हवा. डुलत असेल तर फ्लँज बदला. दोन्ही टोकांना चाकं असतील तर हबही दोन लागतील, एका टोकाचे छरे दुसऱ्या टोकाचं ओझं नीट उचलत नाहीत. सुरू-बंद होताना क्रांतिक वेग ओलांडावा लागतो, तेव्हाचा हिसका राहतोच.

घरी करून बघणाऱ्यांना एक सांगणं. हब हा फ्लँजचा पर्याय नव्हे. फ्लँजचा व्यास चाकाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी नको, मध्ये कागदी चकत्या हव्यातच. डाव्या टोकाचे आटे उलटे असतात. चढवण्याआधी चाक टांगून लाकडी मुठीने ठोकून बघावं; खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा समजून टाकून द्यावं. चढवल्यावर गार्ड लावून, बाजूला उभं राहून ते मिनिटभर मोकळं फिरू द्यावं. पेन्सिलचा प्रयोग त्यानंतर.