जुज, पण जुजबी नव्हे

रमजानचा चंद्र दिसला की मशिदीतली भिंतीतली कपाटं उघडली जातात. आत लाकडी पेटीत तीस पातळ पुस्तिका एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. कुरआनचे तीस भाग वेगवेगळे बांधलेला हा संच. तीस माणसं ओळीनं बसली, प्रत्येकानं एकेक पुस्तिका उचलली, की तासाभरात अख्खा ग्रंथ वाचून पुरा होतो. या एकेका भागाला घरोघरी ‘सिपारा’ म्हणतात. फारसीत ‘सी’ म्हणजे तीस आणि ‘पारा’ म्हणजे तुकडा. अरबीत त्याच भागाचं नाव ‘जुज’.

हाच शब्द मशिदीपासून चार गल्ल्या पलीकडे, बुकबाइंडरच्या दुकानातही नांदतो. कागदाचा मोठा ताव तीन वेळा दुमडला की आठ पानांची, म्हणजे सोळा पृष्ठांची जुडी तयार होते. छापखाना तिला फर्मा म्हणतो, जुना जिल्दसाज जुज म्हणतो. अशा जुड्या एकामागून एक लावून दोऱ्यानं शिवणं म्हणजे जुजबंदी. आणि मराठीत याच शब्दाचं एक लेकरू रोज वापरात आहे: ‘जुजबी’. जुजबी ओळख, जुजबी माहिती, जुजबी दुरुस्ती. जुज म्हणजे भाग, म्हणून जुजबी म्हणजे थोडंसं, वरवरचं. बोलण्यात त्या शब्दाची किंमत घसरली. जिल्दसाजाच्या दुकानात मात्र जुज कधीच जुजबी नसतो. एक जुज निसटला, तर पुस्तक अपुरं.

पुस्तक बांधण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामातले शब्द जरा उलगडून पाहिले, तर आपण रोज बोलतो त्या मराठीचीच शिवण दिसू लागते. ‘जिल्द’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ कातडी. पूर्वी चांगलं पुस्तक चामड्यात बांधत, म्हणून बांधणीलाच कातडीचं नाव पडलं. मुलं पाठीवर घेऊन शाळेत जातात ते ‘दप्तर’ फारसीतून आलं आणि फारसीत ते ग्रीकमधून आलं. त्या ग्रीक शब्दाचाही अर्थ कमावलेलं कातडं. खुद्द ‘पुस्तक’ हा शब्दसुद्धा इराणी भाषांतल्या ‘पोस्त’ म्हणजे कातडी या शब्दावरून संस्कृतात आला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मुलानं दप्तरातून जिल्द बांधलेलं पुस्तक काढलं, की एकाच वाक्यात तीन भाषांतली कातडी एकत्र येते.

कातडी आली की शरीरही आलंच. पुस्तकाच्या पाठीला फारसी-उर्दूत ‘पुश्त’ म्हणतात; संस्कृतातलं ‘पृष्ठ’ हे तिचंच भावंड. अरबी-इराणी पद्धतीच्या जुन्या बांधणीत मागच्या पुठ्ठ्याला एक त्रिकोणी झाप जोडलेली असे. पुस्तक मिटलं की ती पुढच्या पुठ्ठ्याखाली सरकवायची. पानांच्या उघड्या कडा त्यामुळे धुळीपासून झाकल्या जात आणि वाचताना तीच खूण म्हणून पानांत घालता येई. या झापेला अरबीत ‘लिसान’ म्हणतात, म्हणजे जीभ. पुस्तकाला पाठ आहे, कातडी आहे, जीभ आहे. मग ते आजारी पडतं आणि त्याला उपचार लागतात, यात नवल ते काय?

या शरीराला एकत्र धरणारी गोष्ट म्हणजे ‘शिराजा’. पाठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रंगीत रेशमी धाग्यांची जी विणलेली पट्टी असते, ती शिराजा. आता ती बहुतेक वेळा तयार पट्टीतून कापून नुसती शोभेला चिकटवतात. हाताच्या बांधणीत मात्र तिचे टाके जुजांच्या घड्यांतून जात आणि सगळ्या जुजांना टोकाशी आवळून धरत. उर्दूत एखाद्या घराची, सैन्याची किंवा राज्याची घडी विस्कटली, तर ‘शिराजा बिखर गया’ असं म्हणतात. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पुस्तक नसतं, पण शब्द जिल्दसाजाच्या ओट्यावरूनच उठून गेलेला असतो.

या कलेचं दख्खनशी नातं जुनं आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. तिथल्या हातकागदाची परंपरा मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली त्या काळाशी जोडली जाते. जुन्नरचा कागदही पेशवाईत नावाजलेला होता आणि पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा त्याच धंद्याची आठवण सांगतो. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पूर्वी जो लाटांच्या नक्षीचा कागद दिसायचा, त्याचं नाव ‘अबरी’. ‘अब्र’ म्हणजे ढग. पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीनं हलवायचे आणि वर अलगद कागद टेकवून ते उचलायचे. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी याच तंत्रानं घोडे आणि स्वार चितारले. आज ती चित्रं जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

बाकीचे शब्द ओळखीचेच, फक्त त्यांचं दुसरं घर माहीत नसतं. कोटाच्या आतलं ‘अस्तर’ पुस्तकालाही असतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कोरा कागद म्हणजे अस्तर. मिठाईवरचा चांदीचा ‘वर्ख’ आणि पुस्तकाचं पान, म्हणजे ‘वरक’, हा एकच शब्द. ‘शिकंजा’ म्हटलं की आरोपींभोवतीची पोलिसांची पकड आठवते, पण जिल्दसाजाकडे शिकंजा म्हणजे पुस्तक दाबून ठेवायचा लाकडी दाब. खळ वाळेपर्यंत पुस्तक त्यात मुकाट बसून राहतं. कागदावर कागद चिकटवून केलेल्या जाड थराला ‘वसली’ म्हणतात. हा शब्द ‘वस्ल’वरून आला, म्हणजे मिलन. उर्दू शायर ज्या मिलनासाठी आयुष्यभर झुरतात, ते जिल्दसाज गव्हाच्या खळीनं रोज घडवून आणतो.

पुस्तकाचे शत्रूही सगळीकडे सारखेच. वाळवी, कसर, ओल आणि माणसाचा निष्काळजी हात. कीड लागलेल्या पुस्तकाला उर्दूत ‘किर्मखुर्दा’ म्हणतात, आणि त्यातला ‘किर्म’ म्हणजे आपला ‘कृमी’च. जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर कधी कधी ‘या कबीकज’ एवढंच लिहिलेलं सापडतं. कबीकज हे मुळात एका विषारी रोपाचं नाव. पुढे लोकसमजुतीत तो किड्यांचा राजा झाला, आणि राजाचं नाव पाहून किडे परत फिरतील या आशेनं लेखनिक त्याला हाक मारू लागले. संस्कृत पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाची वेगळी विनवणी असते. तिथे पोथीच बोलते: तेलापासून जपा, पाण्यापासून जपा आणि सैल बांधणीपासूनही जपा. एकानं किड्यांच्या राजाला साकडं घातलं, दुसऱ्यानं वाचणाऱ्याला. काळजी एकच होती.

तीच काळजी कापडातही दिसते. कुरआन ज्या कापडी पिशवीत ठेवतात तिला ‘जुजदान’ म्हणतात. पुन्हा तोच जुज. पोथी ज्या कापडात बांधतात ते ‘बासन’. एखादा प्रस्ताव बासनात गुंडाळला, असं आपण म्हणतो तेव्हा तो कायमचा बाजूला पडला असा अर्थ असतो. पण खरं बासन वस्तू विसरण्यासाठी नव्हे, पुढच्या वाचनापर्यंत जपण्यासाठी असतं. वाचनाची वाटणीही अशीच मिळतीजुळती. आठवड्यात कुरआन पूर्ण करता यावा म्हणून त्याच्या सात ‘मंजिली’ केलेल्या आहेत, आणि गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत पुरं करायची रीत घराघरात आहे. वर्षानुवर्षं असं वाचन झालं की दोन्ही ग्रंथ एकाच जागी, म्हणजे पाठीत खिळखिळे होतात. अनेक गावांत ते दुरुस्तीलाही एकाच दुकानात जातात.

चांगली दुरुस्ती कशी होते? आधी जुनी जिल्द जपून उचलायची. पाठीवरचा वाळलेला सरस हलक्या हातानं खरवडायचा. जुना दोरा कापून जुज सुटे करायचे, मोजायचे, क्रम तपासायचा. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ, मजबूत कागदाची पट्टी लावायची. मग मेण ओढलेल्या दोऱ्यानं पुन्हा शिवायचं, पाठीला जाळीचं कापड, मग अस्तर, पुठ्ठा, आणि शेवटी शिकंजा. खळ गव्हाच्या पिठाची. कीड लागू नये म्हणून जुने कारागीर तिच्यात थोडं मोरचूद घालत. पिठाच्या खळीचा मोठा गुण असा की ओलावा दिला की ती सुटते. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला हे पुस्तक पुन्हा उघडावं लागेल, याची सोय आजच्या दुरुस्तीत ठेवलेली असते. ग्रंथसंवर्धनाचे आधुनिक जाणकारही हाच नियम सांगतात: जे जोडाल, ते पुढे सोडवता आलं पाहिजे.

घरगुती दुरुस्तीत नेमकं याच्या उलट घडतं. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावली जाते. काही वर्षांत तिचा डिंक कागदात उतरतो, पिवळा-तपकिरी डाग पडतो, पट्टी गळते आणि डाग राहतो. पानावर प्लॅस्टिकचा थर चढवणंही तसंच. पान आत कायमचं अडकतं.

इतकं करूनही काही प्रती दुरुस्तीपलीकडे जातात. कुरआनचं पान ‘फाटलं’ असं जुन्या उर्दू बोलणाऱ्या घरांत म्हणत नाहीत, ते ‘शहीद झालं’ असं म्हणतात. अशी पानं रद्दीत जात नाहीत. स्वच्छ कापडात गुंडाळून, पाय पडणार नाही अशा जागी पुरतात किंवा खोल पाण्यात सोडतात. जीर्ण पोथीचं नदीत विसर्जन करणाऱ्या घराला यात काहीच नवं वाटणार नाही. ज्याला कातडी, पाठ आणि जीभ आहे, त्याला निरोपही माणसासारखाच द्यायचा.

आता या शब्दांवरच जीर्ण व्हायची वेळ आली आहे. हल्लीच्या बहुतेक कागदी कव्हरच्या पुस्तकांना ‘परफेक्ट बाइंडिंग’ असतं. त्यात जुजांची घडीची बाजूच कापून टाकतात आणि सुट्या पानांच्या कडेला गरम गोंद लावून वर कव्हर बसवतात. काम झटपट होतं, स्वस्त पडतं, आणि त्यामुळे पुस्तक अधिक लोकांच्या हाती पोचतं, हेही खरं. पण अशा पुस्तकात जुज उरतच नाही. गोंद कडक झाला की पान-पान गळू लागतं, आणि घडीच नसल्यानं दोरा ओवायचा कुठे हा प्रश्न पडतो. कडेला भोकं पाडून शिवलं, तर पुस्तक धड उघडत नाही. जुज गेला की जुजबंदी गेली, आणि तिच्यामागोमाग ती जाणणारा हातही जातो. उरते ती जुजबी दुरुस्ती.

रमजानात मशिदींतले सिपारे आणि घरातले कुरआन रोज हाताळले जातात. बऱ्याच मशिदींत तरावीहच्या नमाजमध्ये सत्ताविसाव्या रात्री संपूर्ण कुरआन पठण पुरं होतं. ईद झाली की पेटी पुन्हा कपाटात जाते. ती आत ठेवण्याआधी कुठल्या भागाची पाठ सुटली, कुठला दोरा तुटला, हे पाहून घ्यायला दहा मिनिटं पुरतात. घरातली ज्ञानेश्वरी, आजोबांचा शब्दकोश, आईची पाककृतींची वही यांच्याकडेही त्याच वेळी नजर टाकता येईल. आणि दुरुस्तीला देताना दुकानदाराला किती दिवस लागतील, किती पैसे होतील, हे विचारण्याआधी एवढंच विचारावं: शिवून देणार, की नुसतं चिकटवून?